दह्यातल्या जंतूंची शिस्त

आपण केलेली घाण आपल्यालाच बाधू लागली, की प्रत्येक सजीवाला ते कळते. (माणसाच्या बाबतीत चौकशी चालू आहे.)

सन १९६२ मध्ये कळसाडीच्या मगनभाईंची नववीतली मुलगी सुगंधा हिला हे सत्य शास्त्राच्या पुस्तकात सापडले, आणि त्या दिवसापासून घरात कोणाला सुखाने दही खाता आले नाही. दह्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल टाकतात. त्या आम्लाने आधी शेजारी मरतात. याबद्दल जंतूंची तक्रार नसते. मग ते त्यांनाच झोंबू लागते. तेव्हा हे अशिक्षित जीव (अ) आत शिरलेले आम्ल बाहेर लोटतात, (ब) खाणे कमी करतात आणि (क) कसलाही ठराव न करता गप्प बसतात.

"आन् तू कव्हय गप बसशी?" ताक घुसळता घुसळता तिची आई तापीबाई म्हणाली.

सुगंधाने हा प्रश्न विषयाबाहेरचा ठरवला. तालुक्याच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. पहिला येणारा धुळ्याला जाणार होता, आणि ती धुळ्याला चालली हे तिने अर्ध्या गावाला आधीच कळवले होते. (उरलेले अर्धे शेतात होते.) काकूची पत्र्याची पेटीही मागून आणली होती.

वेळ पाच मिनिटे. विषय : जंतूंकडून काय शिकावे. इशाऱ्याची पहिली घंटा झाली तेव्हा सुगंधा भाषणात अजून दूध तापवत होती. वेळ संपल्याच्या दुसरीला ते जेमतेम कोमट झाले होते. "कुठं थांबावं हे जंतूंना बरोबर कळतं," असे सांगून ती पुढे गेली. मागून टाळ्या सुरू झाल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. (भर भाषणात टाळ्या कशासाठी वाजवतात, हे शाळेत एक सोडून सगळ्यांना ठाऊक होते.) सुगंधाने नम्रपणे मान लववली आणि लोकाग्रहास्तव ताकही विषयात घेतले.

ती बाद झाली. धुळ्याला गिरधर गेला. तो दोन वाक्यांनंतर भाषण विसरून खाली बसला होता. परीक्षकांनी त्याला संयमाचे पूर्ण गुण दिले.

"काय व्हयनं?" संध्याकाळी तापीबाईने विचारले.

"उत्साहावर विरजण पडलं, माय."

"कोन्ही टाकं?"

सुगंधाने परीक्षकांचे नाव घ्यायला तोंड उघडले. मग गिरधरचे. मग घंटेचे. मग मिटले.

"मीच."

"मंग इरजन घरनंच शे. दही चांगलं लागी," तापीबाई म्हणाली आणि रवी धुवायला उठली.

वाचकहो, आपण हसलात, आनंद आहे. फक्त गेल्या खेपेस आपले बोलणे संपायच्या आतच टाळ्या पडल्या होत्या, ते जरा आठवून पाहा. (आपणही मान लववली होती, असे समजते.)