कलम नऊ आणि रंगाने चिकटलेली खिडकी

ऐकणाराने आधी बसल्या जागची एखादी खिडकी उघडावी, मग ऐकावे. आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर हवेच्या कायद्यापायी जे घनघोर युद्ध जाहले, त्याची ही हकीकत आहे. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर ते खरे होण्याच्या लायकीचे आहे.

त्या खात्यात एक कायदेबाई होत्या. नाव निराळे होते, परंतु शिपायापासून सचिवांपर्यंत सर्व त्यांस असेच म्हणत. त्यांनी उभी उमर खर्चून सार्वजनिक आरोग्याचा मुलूख राखिला होता. सिगारेटच्या पाकिटावर सडक्या फुप्फुसाचे चित्र चढविले ते त्यांनीच, आणि बड्या हॉटेलांच्या मोऱ्या चव्हाट्यावर आणिल्या त्याही त्यांनीच, आणि औषध कंपन्यांचे वकील त्यांचे नाव ऐकून चळचळा कापत. परंतु एक गड हाती येत नव्हता, तो कलम नऊ. प्रत्येक शाळेतील प्रत्येक वर्गास उघडणारी खिडकी असावी, इतकेच त्या कलमाचे मागणे. आणि यात बाईंचे काळीज गुंतले होते, कारण त्यांच्या लेकीच्या वर्गातील खिडक्या शाळेने रस्त्याचा आवाज नको म्हणून खिळे ठोकून बंद केल्या होत्या, आणि पोर सारा हिवाळा खोकत होती.

कलम मंजूर करणे वायुवीजन समितीच्या हाती होते. समितीचे अध्यक्ष अखंडितफाइलअलंकृत मफलरबहादर, यांस वाऱ्याचे भारी वावडे. भर उन्हाळ्यातही गळ्यास मफलर. ते ज्या दालनात दरबार भरवीत, त्याची एकुलती एक खिडकी इमारत खात्याने रंगावर रंग चढवून चौकटीस अशी चिकटविली होती की ती भिंतच होऊन बसली होती. मग व्हावे ऐसे की कलम एकपासून सरदार मंडळी त्वेषाने लढत, आणि चहा येई, आणि कोंडल्या हवेत माना लवू लागत, आणि कलम आठ संपता संपता सारा दरबार घोरू लागे. मग मफलरबहादर एक डोळा उघडून फर्मावीत की बाकी पुढील बैठकीत. ऐशा बैठका बहुत जाहल्या. हवेचा कायदा हवेवाचून अडला होता, आणि एवढ्या विद्वानांत हे कोणाच्या ध्यानी येत नव्हते.

कायदेबाईंच्या ध्यानी आले. त्यांनी इमारत खात्याकडे खलिता रवाना केला. जबाब आला की सदर खिडकी मंजूर नकाशात उजेडासाठी आहे, वाऱ्यासाठी नाही. वाऱ्याची निकड असल्यास आरोग्य खात्याने तसा नियम दाखवावा. नियम तर त्या खिडकीपायीच रखडला होता. बाईंनी कपाळास हात लाविला.

पुढे समितीची मुदत संपत आली. शेवटल्या बैठकीत मंजुरी न मिळे तर मसुदा कायमचा बुडणार होता. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात बसून, खिडकी उघडण्याचा अधिकार कोणत्या कायद्याखाली मिळेल, याची स्वतःशीच मोठ्याने मसलत करीत होत्या, आणि आतल्या खोलीतून लेकीच्या खोकल्याची नौबत झडत होती. मातुःश्री भांडी विसळत होत्या. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"खिडकी उघडायची नाही, असं कुणी लिहून दिलंय का तुला?"

"तसं नाही गं आई, पण उघडायचा अधिकार..."

"मग उघड की. जन्मभर लोकांना हे करा, ते करू नका सांगत आलीस, आणि स्वतः एक खिडकी उघडायला कागद शोधतेस होय?"

बाईंनी मनातल्या मनात सारे अधिनियम चाळिले, मनाई कोठेच सापडेना. त्यांस स्वतःची लाज वाटली आणि हसूही आले.

दुसरे दिवशी चहा होऊन माना लवू लागल्या, तोच कायदेबाई उठल्या आणि त्यांनी पर्समधून पोलादी फूटपट्टी उपसून चौकटीच्या फटीत घातली. रंगाचे पापुद्रे उडाले, काही मफलरबहादरांच्या कपात पडले. उपसचिवांनी दरडावून पुसिले की हे कोणत्या तरतुदीखाली. बाईंनी जबाब दिला की मनाई दाखवावी, त्याच क्षणी थांबते. उपसचिव नियमपुस्तक शोधू लागले, तितक्यात बाईंनी खांदा लाविला आणि खिडकी करकरून उघडली. वारा आत घुसला आणि सारे कागद दालनभर उधळले, आणि सरदार मंडळी आपापला कागद धरावयास मेजाखाली शिरली, आणि तेथून बाहेर आली ती पुरती जागी होऊन.

मग कलम नऊ प्रथमच जागेपणी वाचिले गेले. मफलरबहादरांनी मफलर दोन हातांनी धरून विचारले, "एवढंच आहे होय? मग आपण इतके दिवस भांडत कशावर होतो?" ते कोणासही आठवत नव्हते. कलम मंजूर जाहले. तहात एक अट पडली की हे कलम शाळांस लागू, खात्याच्या इमारतीस नाही, कारण अध्यक्षांस सर्दी होते. बाईंनी ती कबूल केली.

पुढील वर्तमान ऐसे की इमारत खात्याने ती खिडकी पुन्हा रंगवून बंद केली, आणि समितीस मुदतवाढ मिळून ती दुसऱ्या मसुद्याच्या कलम आठवर सुखाने निद्रिस्त आहे. परंतु शाळेत खिळे निघाले. त्या दिवशी लेक घरी आली ती फणकाऱ्यातच.

"आई, वर्गात इतका वारा येतो, माझी वहीच उडाली. टीचर विचारत होत्या, कुणी केला असला नियम?"

कायदेबाईंनी नाव सांगितले नाही. त्या कान देऊन ऐकत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले, कारण एवढी लांबलचक तक्रार करताना पोर एकदाही खोकली नव्हती. सदर तक्रार हेच विजयपत्र समजून दप्तरी दाखल केली असे.