गेनूतात्या आणि तुरळक ठिकाणचं ऊन

निसर्गापुढे माणसाने नम्र असावे, असे थोर लोक सांगत आले आहेत. हे वाक्य मी कितीतरी शाळांच्या भिंतींवर वाचलं आहे, पण ते मनापासून आचरणात आणणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. आमचे शेजारी गेनूतात्या चैत्र लागला की दुपारी खाटेखाली झोपत.

खाटेवर ओली गोणपाटं आणि खाटेखाली तात्या. दारातून फक्त त्यांचे दोन तळपाय दिसायचे. दुपारी कोणी भेटायला आलं की ओट्यावर बसून त्या तळपायांशी बोलायचं. पटलं तर अंगठा हलायचा. न पटलं तर दोन्ही पाय आत ओढले जायचे आणि भेट संपायची.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मोबाइल यायचे होते. मी मंचरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि राहायला अवसरी बुद्रुकला, तात्यांच्या समोरच्या घरात. तात्यांची साठी उलटलेली, बायको वारलेली, मुलगा भोसरीला कंपनीत. माणूस भित्रा म्हणावा तर तसंही नव्हतं. तरुणपणी बैलगाड्याच्या शर्यतीत उधळलेल्या बैलांच्या वेसणीला हात घातलेला. उसात बिबट्या शिरला तेव्हा बाकीचे फौजदाराची वाट बघत असताना तात्या काठी घेऊन पुढे गेले होते. बिबट्या निघून गेला. तात्या बराच वेळ उसातच थांबले, कारण बाहेर ऊन होतं.

"ऊन माणूस हेरतं, भाऊ," ते मला सांगायचे. "बिबट्या कुत्रं नेतो, शेरडू नेतो. त्याला भूक असती. उनाला भूक न्हाई. ते हेरतं आन वाट बघतं."

हेरलं जाऊ नये म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत कांदे असत. संध्याकाळी ते कांदे काढून दाबून बघायचे. मऊ लागला की म्हणायचे, "ह्यो माज्या वाटचा गेला," आणि कुंपणापलीकडे खड्डा करून पुरायचे. तो कांदा भाजीत घालायची सोय नव्हती. त्याने तात्यांच्या जागी मरण पत्करलेलं असे. टोपीखाली ओला रुमाल, पायांत मोजे, आणि चालायचं ते भिंतीच्या कडेकडेने, पालीसारखं.

त्यांचा खरा वैरी मात्र सूर्य नव्हता, तो रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांनंतर हवामानाचा अंदाज लागला की तात्या हात जोडून ऐकायचे. ती भाषा मोठी रुबाबदार. 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट येण्याची शक्यता आहे.' ऐकून आम्हाला बरं वाटायचं. तुरळक ठिकाणी म्हणजे दुसरीकडे कुठेतरी. तात्यांचा चेहरा उतरायचा.

"समदीकडं म्हणला आसता तर वाटून गेलं आसतं," ते म्हणायचे. "तुरळक म्हणला. म्हंजी ज्याच्यावर पडंल त्याच्यावर समदंच."



सरकारलाही काळजी होती. तालुक्याच्या कचेरीबाहेर दरवर्षी फलक लागायचा की नागरिकांनी दुपारी विनाकारण उन्हात उभे राहू नये. फलक पश्चिमेच्या भिंतीवर होता. अक्षर बारीक होतं. तो वाचणारे नागरिक दुपारभर उन्हात उभे दिसायचे.

आमच्या गावची यात्रा ऐन चैत्रात. बैलगाड्यांच्या बाऱ्या, म्हणजे शर्यतीच्या फेऱ्या, सकाळी सुरू होतात आणि दुपारच्या भर उन्हात रंगात येतात. तात्या दरवर्षी यात्रा कमिटीपुढे जाऊन सांगायचे की दुपारच्या बाऱ्या बंद ठेवा, माणूस दगावंल. कमिटीचे अध्यक्ष दरवर्षी कर्ण्यावरून जाहीर करायचे की गेनूतात्यांनी खाटेखालूनच शर्यत बघावी, त्यांच्यासाठी आवाज मोठा ठेवला आहे. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जमलेले सगळे हसायचे. आणि यात्रेच्या आदल्या दिवशी तात्या गावातून नाहीसे व्हायचे ते अंधार पडल्यावर उगवायचे. गावाचं म्हणणं, एवढ्या दिवसापुरते ते कुठल्या तरी विहिरीत उतरून बसत असावेत. मलाही ते पटलं होतं.

त्या वर्षी ऊन लवकर आलं. गुढ्या उतरल्या आणि दोनच दिवसांत शेतातले कांदे काढायला आलेल्या बायका दहाच्या आत काम टाकून घरी जायला लागल्या. कावळे चोच उघडी टाकून बसायचे. यात्रा दोन दिवसांवर आली असताना रेडिओने 'तुरळक' हा शब्द गाळला आणि सरळ लाट जाहीर केली. त्या संध्याकाळी तात्या माझ्या दारात आले. मोजे घातलेले.

"भाऊ, तुमची स्कूटर हाय ना नीट?"

मी म्हटलं, आहे.

"उंद्या आण्याला जायचंय. ठकाअक्काला आणाया. मुराळी म्हून."

ठकाअक्का ही तात्यांची थोरली बहीण, हे मला तेव्हा कळलं. जुन्नरच्या पूर्वेला आण्याच्या पठारावर, गावापासून लांब एका वस्तीवर दिलेली. यात्रेला लेकीबाळी माहेरी येतात. पण आपल्या आपण येत नाहीत, भावाने घ्यायला जायचं असतं. तो मुराळी. मी म्हटलं, सत्तरीच्या बाईला आता कसला मुराळी, एसटी आहे की. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्कूटरची किल्ली शोधायला लागलो.

"दरसाल एकलाच जातो," ते म्हणाले. "आवंदा धीर हुईना."

दिवस उगवायच्या आत निघायचं ठरलं. पण तात्यांनी घोंगडी भिजवली, ती पुरेशी भिजली नाही म्हणून पुन्हा भिजवली, मग कांदे बदलले, आणि आम्ही निघालो तेव्हा ऊन देवळाच्या कळसावरून पायरीवर उतरलं होतं. मागे ओली घोंगडी डोक्यावरून घेतलेले तात्या. नारायणगावपर्यंत माझी पाठ गारठली. त्यानंतर घोंगडी वाळली. आळेफाट्याला चहाच्या हॉटेलातल्या टाकीवर ती पुन्हा भिजवली, तेव्हा एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पेशंट कुठं नेताय?"

घाट चढून पठारावर आलो, डांबरी सोडून वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागलो, आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी होती. तीही बसलेली होती.

स्कूटर एका बांधाला टेकवून आम्ही चालायला लागलो. मी मनात म्हटलं, आता तात्यांना सावरावं लागणार. मी पुस्तकं वाचलेला माणूस, उन्हाला हेरणंबिरणं जमत नाही हे मला माहीत होतं. ते सगळं अर्ध्या वाटेपर्यंत माहीत होतं.

त्या पठारावर दुपारी आवाज नसतो. पाखरू नाही, माणूस नाही, झाड म्हणावं असं झाड नाही. दगडांवरून हवा थरथरत होती आणि पुढे रस्त्यावर पाणी चमकत होतं, जे जवळ गेलं की आणखी पुढे सरकायचं. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की मघापासून अंगाला चिकटलेला माझा शर्ट कोरडा ठणठणीत झाला आहे. घाम थांबला होता. अंगावर काटा आला होता आणि थंडी वाजत होती. हे वाईट लक्षण आहे, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवेना.

तात्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोक्यावरची घोंगडी काढून माझ्या डोक्यावर टाकली. मग बाजू बदलून ते माझ्या आणि उन्हाच्या मध्ये आले.

"बोलत ऱ्हावा," ते म्हणाले. "गप बसू नगा. गप बसल्याला नेतं ते."

काय बोलू, असं मी विचारलं. जीभ टाळूला चिकटत होती.

"कायबी. कपाटात पुस्तकं कशी लावता ते सांगा."

मग त्या पठारावर मी गेनूतात्यांना ग्रंथालयशास्त्र शिकवलं. धर्म इकडे, इतिहास तिकडे. ते विचारत, बैलांचं कुठल्या कपाटात? मी म्हणे, शेतीच्या. बिबट्याचं? प्राण्यांच्या. उनाचं? मी थांबलो. हवामानाच्या पुस्तकांच्या कपाटासमोरून मी रोज जात होतो. ते मला आठवेना. कपाट दिसत होतं, त्यावरचा आकडा दिसत नव्हता.

तात्यांनी माझं मनगट धरलं. दर चार पावलांना ते वर बघत होते. इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता, आणि तो मला ओढत चालला होता.

वाटेत एक बाभूळ लागली. तिच्या फाटक्या सावलीत त्यांनी मला बसवलं, खिशातला कांदा दगडावर फोडला आणि माझ्या तळपायांना चोळायला लागले. मान खाली घालून, कांद्याशीच बोलल्यासारखे ते बोलले.

"हितंच सोपान गावला. माजा धाकला भाऊ. ही बाभूळ तवा रोप व्हती, पर तिची सावली व्हती बगा हातभर. त्येच्या हातापासनं हातभर." मग बराच वेळ चोळत राहिले. "मुराळी म्हून आलता. पाळी माजी व्हती. माजी बैलं पळायची व्हती त्या साली, म्हून त्याला लावून दिला."

मी काही बोललो नाही. त्यांनी लगेच डोकं वर केलं. "बोलत ऱ्हावा म्हनलं ना."

वस्ती दिसली तेव्हा माझा सगळा भार तात्यांच्या खांद्यावर होता. लांब एका छपरासमोर एक बारकी म्हातारी उभी होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दोन माणसं, त्यातलं एक घोंगडीखाली वाकलेलं, दुसऱ्याने धरून आणलेलं. ती त्या तापलेल्या मातीतून अनवाणी पळत आली. माझ्याकडे बघितलंही नाही. आधी तिने तात्यांचं कपाळ चाचपलं, गळा चाचपला, आणि मग त्यांच्या खांद्यावर एक फटका मारला.

मला गोठ्यात झोपवलं. ओली फडकी, मीठसाखर घातलेलं कैरीचं पाणी. शेळी माझ्याकडे बघत होती. डोकं जाग्यावर आलं तेव्हा भिंतीपलीकडे भावाबहिणीचं चाललेलं ऐकू आलं. त्यातून एवढं उमगलं की सोपान गेल्यापासून अक्का यात्रेला कधी आलेल्या नाहीत, आणि तात्या घ्यायला यायचे कधी चुकलेले नाहीत. दरवर्षी ते यायचे, दरवर्षी अक्का ऊन उतरेपर्यंत त्यांना घरात डांबून ठेवायच्या आणि एकटंच परत लावायच्या.

"मला न्हाई यायचं," अक्का म्हणत होत्या. "मला आणाया आला आन गेला त्यो. तू कशाला येतो मराया?"

"तू येईस्तवर येनार."

"पार म्हातारा झाला तू, गेन्या. आज त्या गोठ्यातल्या भाऊच्या जागी तू आसता तर?"

"येनार."

मग ताकाचं भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"आवंदा येते मंग," अक्का म्हणाल्या. "पर पुढल्या सालापासनं माजी मी यीन, एसटीनं. मुराळी नगं न काय नगं. आसं न्हाई कबूल केलंस तर आतापण नाय यायची."

तात्यांचं 'बरं' भिंतीपलीकडून जेमतेम ऐकू आलं. सत्तरीच्या बहिणीने आणि साठीच्या भावाने पिढ्यान्‌पिढ्यांची रीत अशी ताकाच्या भांड्याशेजारी मोडली.

ऊन उतरल्यावर दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिघं आणि स्कूटर खाली आलो. दुसऱ्या दिवशी यात्रेत, दुपारच्या बाऱ्या ऐन रंगात असताना, घाटाच्या कडेला तात्या उभे दिसले. गावाने त्यांना चैत्राच्या दुपारी उभं असं पहिल्यांदाच पाहिलं. अक्का एका दगडावर बसून बैल बघत होत्या, आणि त्यांच्यावर तात्यांनी छत्री धरली होती. स्वतः छत्रीबाहेर. चेहरा भीतीने पांढराफटक पडलेला, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. बारी सुटली, लोक ओरडले, भंडारा उडाला. छत्री हलली नाही. अध्यक्षांनी कर्णा तोंडाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि पुढच्या गाडामालकाचं नाव पुकारलं.

मी जवळच होतो. माणसाने भीतीवर मिळवलेला विजय म्हणतात तो हाच, असं मला त्या क्षणी वाटलं. तात्यांनाही काहीतरी वाटलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी अक्कांना ऊन सरेपर्यंत, म्हणजे पार मृगापर्यंत, माहेरीच राहण्याचा आग्रह केला. डोळ्यातल्या पुतळीसारखी सांभाळीन म्हणाले.

अक्का आणखी एक रात्र राहिल्या. सकाळी त्यांनी गाठोडं बांधलं. तुमच्यात लई उकडतं, रात्रभर डोळा लागला नाही, आमच्या पठारावर वारं तरी असतं, असं त्यांनी सांगितलं आणि दुपारच्या एसटीने त्या एकट्याच आण्याला निघून गेल्या.