योहानचे सोळा आणे

योहान नालबंद नव्या माणसाला नमस्कार करीत नसे. आधी तो त्याचे कान पाही, मग टाचा, आणि मग निकाल देई, “दहा आने देशी, चार आने अरब, दोन आने हबशी.”

नगरजवळच्या भिंगारच्या छावणीत त्याने जन्मभर लष्करी घोड्यांना नाल ठोकले. घोड्याची पैदास रुपयाच्या आण्यांत सांगण्याची तेथली रीत. नोकरी सुटली, रीत सुटली नाही. घोडे हातचे गेल्यावर तो माणसांकडे वळला. मी त्याचा शेजारी, सेवानिवृत्त हेडमास्तर. मला त्याने ‘चार आणे तुर्क’ ठरवले. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही.

“रागावता कशाला, मास्तर? या नगरात किती बादशांच्या फौजा राहून गेल्या. त्या काय नुसतं पानी पिऊन गेल्या व्हय?”

एका देशमुखांकडच्या लग्नात त्याने भर पंगतीत वरपित्याच्या कानांत हबशी शोधला. त्याला पानावरून उठवले. “कान लई झ्याक हायेत, लाजता कशापायी?” असे म्हणत तो उठला. जिलबी मात्र बरोबर घेतली.

स्वतःचे आणे तो कधी सांगत नसे. बाप गोरा शिपाई होता आणि पलटणीबरोबर निघून गेला, हे त्याचे घारे डोळेच सांगत.

बायको वारल्यावर त्याला एकच माणूस उरले : मुलगी मार्था. ती परिचारिका होती. महायुद्धात तिने एका अमेरिकन सैनिकाशी लग्न केले व ती तिकडे गेली. तिने बापाला कायमचे बोलावले. त्याच सुमारास अमेरिकेने हिंदी माणसांसाठी दार किलकिले केले होते, वर्षाला शंभरांपुरते. इंग्रजी बोलण्यासाठी मी योहानबरोबर मुंबईच्या अमेरिकन कचेरीत गेलो. अमेरिकेचे सरकारही माणसे योहानच्याच पद्धतीने मोजते, हे मला तेथे कळले.

कारकून गोव्याकडचा, मायाळू होता. हळू आवाजात म्हणाला, “बाबा, निम्मं रक्त हिंदी असलं, की हिंदी रांग. ती तुमच्या हयातीत हलायची नाही. गोऱ्यांच्या जागा रिकाम्या पडतात. वडील गोरे आहेतच. आईचे वडीलही गोरे होते, एवढंच सांगा. बारा आणे गोरे झालात.”

“आईचा बाप कुनाला ठावं? दुष्काळातलं लेकरू त्ये.”

“मग खोटं कोण म्हणणार?”

“योहान, सांगून टाक,” मी म्हणालो. त्याने मुलीपासून दूर, एकट्याने म्हातारपण काढावे, असे मला वाटत नव्हते.

योहान माझ्याकडे वळला.

“मास्तर, माझी आय छावनीच्या रस्त्याकडंला सापडली. मेलेल्या बाईला लुचत हुती. बाई काळी, नुसती हाडं. पाद्रीसायबानं सोता बगितलं हुतं. सोता उपाशी मेली, पन लेकरू टाकलं न्हाई तिनं. आता मी त्या आजीला गोऱ्याची ठेवलेली म्हनू?”

“अहो, तिला कोण सांगायला जातंय?” कारकून म्हणाला.

“म्हून तर. तिच्या बाजूनं बोलाया दुसरं कोन हाय?”

हिंदी रांगेत नाव लावून आम्ही परतलो. ती रांग पुढे कोठवर सरकली, हे त्याने कोणाला विचारले नाही.

वर्षभराने मार्थाला मुलगा झाला. फोटो आला. तो घेऊन योहान माझ्या ओट्यावर बसला.

“मास्तर, पोरगं तिथंच जन्मलं. त्याला कुनी इचारनार न्हाई ना, तू कितीचा, कुनाचा म्हून?”

“नाही. तेथे जन्मला, तो तेथला. कायदा तसा आहे.”

“मंग बरं हाय,” तो म्हणाला. नातवाच्या गालाला बोट लावण्यापूर्वी त्याने हात धोतराला दोनदा पुसला.