मदरबोर्ड भातात

"रविवारपर्यंत चालू नाय झाला, तर हा डबा भंगारात," भाविनीने नवऱ्याला बजावलं. "पोरीला अभ्यासाला टेबल नाय आणि हा बसलाय टेबल अडवून!"

'हा' म्हणजे जतीनचा पहिला कम्प्युटर. पाचवीत असताना जतीनने डहाणूला मामाच्या ऑफिसात कम्प्युटर पाहिला आणि त्या दिवसापासून पोरगा कामातून गेला. कैनाडला आपल्या गावी परत येऊन चिकूच्या खोक्यावर कोळशाने बटणं काढून तो महिनाभर टकटक करत होता. शेवटी दहावीनंतर वडिलांनी खरा आणून दिला. आता जतीनने चाळिशी ओलांडली होती. चिकूची वाडी सांभाळता सांभाळता त्याने चार कम्प्युटर स्वतः जोडले, पण जीव अडकला होता तो या पहिल्यात. आणि नेमका तोच पावसाळ्यात मुका झाला होता.

शनिवारी जतीनने त्याचं पोट उघडलं. "मदरबोर्डला दमट हवा लागलीय," तो पुटपुटला.

"मदर म्हणजे आई ना?" चिकू निवडत बसलेली त्याची आई, विठाबाई, म्हणाली. "मग आईचं ऐक. भाताच्या पोत्यात घाल. शेजारच्या दीपेशचा मोबाईल गटारात पडलेला, तो भातातच सुकवला ना?"

हौशी माणसाला काहीही पटतं. जतीनने बोर्ड फडक्यात गुंडाळला आणि पोत्यात पिकत घातलेल्या चिकूंच्याही खाली खुपसला.

रविवारी सकाळी तो वाडीतून आला, तर पोतं गायब!

"चिकू काढले नि आशागडला गिरणीवर पाठवलं," भाविनी म्हणाली. "तांदूळ संपलाय. का हो?"

जतीनच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने गिरणीवाल्या काकड्याला फोन लावला.

"काकड्या, गिरणी बंद कर! माझा मदरबोर्ड भातात आहे!"

"कोण आहे?" खडखडाटातून काकड्या ओरडला.

"मदर! मदरबोर्ड!"

काकड्याला त्यातलं अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं पुरलं. त्याने धाडकन गिरणी बंद केली आणि हाळी दिली, "धावा रे, जतीनशेठची आई भातात पडली!"

इकडे जतीनचं फोनवरचं बोलणं ऐकून भाविनीने स्कूटर काढली. "पोतं मी ओळखते," म्हणत ती सुटलीसुद्धा. मागून मोटरसायकलवर जतीन, आणि "सल्ला माझा होता" म्हणून हट्टाने बसलेली विठाबाई.

गिरणीवर ही गर्दी! कोणी दोर आणला होता, दोन बायांनी रडायलाही सुरुवात केली होती. विठाबाईने उतरता उतरता पदर डोळ्यांना लावला.

"कोण गेलं रे?"

"तुम्हीच," काकड्या चाचरत म्हणाला.

भाविनीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून चाचपत होती. अखेर फडकं हाती लागलं. तिने बोर्डावरचा भुसा हलकेच फुंकला आणि तो नव्या ओढणीत गुंडाळला. जतीनला भरून आलं. याला डबा म्हणणारी ती हीच का, असं त्याला वाटलं.

"बघत काय बसलात? चला, रविवार संपला नाय अजून," ती म्हणाली.

घरी येऊन जतीनने बोर्ड जोडला आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पंखा कण्हला, एक शिट्टी वाजली आणि पडदा उजळला. विठाबाईने हात जोडले. कोपऱ्यात तारीख होती, १ जानेवारी १९९८.

"तारीख चुकलीय," भाविनी म्हणाली.

"आतला सेल गेलाय, म्हणून मागे गेली. आत्ता करतो नीट."

"थांबा." तिने त्याचा हात धरला. "म्हणजे याच्या हिशेबाने आपलं लग्नच नाय झालं अजून?"

"नाय."

"मग याला भंगारात घाला म्हणणारी मी तुमची कोण?"