रामीबाईच्या रडण्याला कुलूप

पांढरकवड्याच्या अन्सारकडे बँड उरला नव्हता, बँडवाला तेवढा उरला होता. कापसाने सालोसाल दगा दिला, तशी लग्नं आखडली. अख्खा ताफा बोलावणारे लोक टेपवर भागवू लागले, आणि एकेक वाजवणारा हैदराबादच्या गाडीत बसून कामाला गेला. शेवटी ढोलवाला तारिकही पिशवी भरायला लागला, तेव्हा अन्सारने नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनं सॅम्पलर उचलून आणलं.

"हे काय आनलं? वजनकाटा?" बायकोने, हुस्नाबीने विचारलं.

"माइकमंदी आवाज सोडायचा, हे त्याचा तुकडा धरून ठेवते. मंग या पॅडवर काडी मारली का तोच आवाज भायेर. तारिक हैदराबादले, पन त्याचा ढोल इथं."

"अन् जेवाले कोन येते?"

"जेवाले कोनीच नाही."

यंत्राचा हा एकच गुण हुस्नाबीला पटला. तरी तिने बजावलंच, की बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं, बाबूसिंगच्या पोरीचं लग्न वाजलं तर ठीक, नाही तर बँडची पाटी उतरवायची आणि तिच्या भावाच्या, जमीरच्या पंक्चरच्या दुकानात बसायचं. जन्मभर लाल कोट घालून लोकांना नाचवलं, आणि आता ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसायचं?

जायच्या आधी तारिकने माइकसमोर ढोलावर थाप मारली, त्याच्याबरोबर निघालेल्या तुतारीवाल्याने तुतारी फुंकली. अन्सारने काडी मारताच तारिकची थाप जशीच्या तशी बाहेर आली. तारिकने त्या पॅडवर बोट टेकवलं. "एवढ्यात झालो का मी?" असं म्हणून तो गाडीला निघून गेला.

इकडे बाबूसिंगची वेगळीच अडचण होती. बंजाऱ्यांत सासरी निघताना नवरी ढावलो म्हणते, म्हणजे गाऊन रडते. ते सूर कानावर पडले की तांड्यातल्या बायांनी नवरीच्या गळ्यात पडून रडायचं, हा रिवाज. पण त्याची उज्ज्वला यवतमाळच्या होस्टेलात शिकलेली.

"तिले ढावलोच येत नाही, मास्तर. मायी माय, रामीबाई म्हनते, पन तिचा गळा किती टिकन? तुमच्या मशीनमंदी भरून घ्या."

यंत्राच्या पोटात जागा थोडी. रामीबाईने आईला मारलेली पहिली लांब हाक, "याडीऽऽ", तेवढीच मावली. मग अन्सारने ती फिरती ठेवली. एकदा काडी मारली की हाक संपून पुन्हा सुरू, ती दुसरी काडी मारेपर्यंत. "आता मी पुन्हा म्हननार नाही, जपून ठेव," म्हातारीने दम दिला, म्हणून त्याने त्या आवाजाला यंत्रातलं कुलूपही लावलं, चुकून पुसू नये म्हणून. ढोल-तुतारीला कशाला लावायचं? ते तर घरचेच. आणि जमीर जसा पंक्चरच्या जागी खडूने गोल करतो, तसा त्याने रडण्याच्या पॅडवर गोल केला.

लग्नाच्या दिवशी ऊन असं, की लाल कोटाच्या बाहीतून घाम गळत होता. त्या ओल्या बाहीने गोल कधी पुसला गेला, अन्सारला कळलंच नाही. जीपवर यंत्र, भोंगा आणि बॅटरी घेऊन वरात मांडवाशी आली. पोरं नाचायला सरसावली. अन्सारने ढोल समजून काडी हाणली आणि भोंग्यातून निघालं, "याडीऽऽ".

त्याने घाबरून काडी मारली, पण शेजारच्या पॅडवर. रडण्यात तुतारी मिसळली. पुन्हा मारली, त्यात ढोल पडला. आता रामीबाई भोंग्यातून तालात रडू लागली.

मांडवातल्या बायांना वाटलं, निघायची वेळ झाली. त्या उज्ज्वलाच्या गळ्यात पडल्या आणि एकच आकांत उसळला.

कोपऱ्यात पान लावत बसलेली रामीबाई दचकली. "मी तं चूप बसून हाओ, मंग मायावानी कोन रडून राह्यलं?" असं म्हणाली आणि पोरी रडताहेत म्हणून स्वतःही रडू लागली.

नवरदेवाचा बाप, सेवादास, जीपवर चढला. "वरात दारात अन् तुमी मैयत काहून वाजवून राह्यले?"

"थांबा, बंद करून राह्यलो."

अन्सारने घाईत दिसेल ते बटण दाबलं, तसा यंत्राच्या खिडकीत इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. त्याला तेवढं 'यस' वाचता आलं. त्याने ते दाबलं. ढोल गेला. पुन्हा दाबलं, तुतारी गेली. सगळं धुऊन निघालं आणि कुलपातली रामीबाई तेवढी उरली, आता एकटी आणि अगदी स्वच्छ. तिकडे बायांनी रिवाजाप्रमाणे उज्ज्वलाला धरून दुसऱ्या जीपमध्ये बसवलं, आणि ड्रायव्हरने लग्न लागायच्या आधीच गाडी रस्त्याने पिटाळली.

अन्सारने शेवटी बॅटरीची वायर उपटली. आवाज थांबला, पण रडणं थांबेना. बाबूसिंग मांडवाच्या बल्लीला धरून खाली बसला होता.

"घरात लेकरं पाह्यतात, बाजारात लोकं पाह्यतात," तो हुंदके देत म्हणाला. "इतके दिवस रडाले जागाच नव्हती भेटून राह्यली."

भांडायला आलेला सेवादास त्याच्याजवळ गेला आणि तोही बल्लीला टेकून रडू लागला. दोघे व्याही लग्नाआधीच गळ्यात पडले. नवरीला हाका मारून परत आणलं आणि लग्न लागलं ते सुजल्या डोळ्यांनी. नाचलं कोणीच नाही.

अन्सारने घरी येऊन पाटी उतरवली. तारिक हैदराबादला, त्याची थाप हवेत विरलेली. तो जमीरच्या दुकानात ट्यूब बुडवून बसला, आणि खरोखरच त्याला जगणं नकोसं झालं.

तेवढ्यात मुकुटबनकडचा प्रेमसिंग दुकानाशी येऊन उभा राहिला. "मास्तर, पोरीचं लगन हाये. बाबूसिंगच्या इथं वाजवलं ते पाह्यजे."

"ढोल पुसल्या गेला, भाऊ. तुतारीबी गेली."

"ढोल कोनाले पाह्यजे? नाचाची ताकद हाये कोनात? रडाचं तेवढं आना. आमच्या तांड्यातली मानसं लय दिवसाची तुंबली हायेत."

तो विसाराचे पैसे देऊन गेला. अन्सारने घरी जाऊन हुस्नाबीला सगळं सांगितलं. तिने उतरवलेली पाटी पदराने पुसली.

"अजी," ती म्हणाली, "रडाले गिऱ्हाईक हाये, मंग इतके सालं आपन फुकट काहून रडलो?"