साठावा निरोगी माणूस

तक्रार आल्याशिवाय दखल घ्यायची नाही, ही रीत सगळ्या कार्यालयांत पाळली जाते. यकृताला हे कुणी सांगितलेलं नसावं. कर्करोग झाला तरी ते गप्प बसतं, आणि तोंड उघडतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

यावर उपाय म्हणून एका संशोधन संस्थेनं रक्तातले चार रेणू हुडकून काढले. यकृतात काय शिजतंय याची हे चौघं आधीच चुगली करतात (चुगली शास्त्रीय असली की तिला निदान म्हणतात). चाचणी सिद्ध करायला साठ रोगी आणि साठ निरोगी हवे होते. रोगी भराभर मिळाले. निरोगी मिळेनात, तेव्हा कर्मचाऱ्यांनाच विचारलं, आणि जो 'हो' म्हणाला तो निरोगी ठरला.

रक्त घ्यायचं काम थेंबेकाकांचं. एकोणतीस वर्षांत रक्ताचा एक थेंब वाया घालवला नाही, म्हणून हे नाव. एकोणसाठ जण झाले आणि गाडी अडली. तेव्हा 'मला काय धाड भरलीय' म्हणत काकांनी स्वतःच्याच दंडाला पट्टा आवळला.

महिन्यानं निकाल आला. एकोणसाठ नळ्यांत सामसूम. साठाव्या नळीत चारही रेणू बोंबलत होते. काकांनी नोंदवही काढून क्रमांक पुन्हा ताडून पाहिला. आकडेवाले साहेबही हवालदिल झाले, कारण निरोग्यांमधली अचूकता शंभरावरून अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीनवर घसरली होती. तातडीची बैठक बसली. निरोगी माणसात हे रेणू वाढत नाहीत. साठावा माणूस निरोगी आहे (तसं त्यानं लिहून दिलंय). सबब नळी नासलेली आहे. एकमतानं मंजूर.

"नळी नासलेली नाही," नोंदवही घेऊन उभे असलेले काका म्हणाले. "ती माझी आहे."

प्रमुख बाईंना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोपनीय क्रमांक फोडल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला.

घरी काका खुलासा लिहायला बसले. तीन कागद लिहून फाडले. काकूंनी कागद ओढून घेतला. "हे मागाहून. आधी पोटाची सोनोग्राफी. त्यांना नळी गेली तरी चालतं, मला तुम्ही गेलेले चालणार नाही."

गाठ वाटाण्याएवढी निघाली. इतक्या लवकर सापडलेली आपण पाहिलीच नाही, असं शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले. काका वाचले.

संस्थेचं पत्र दवाखान्यातच आलं. 'आपणांस गाठ असल्याचे सिद्ध झाल्याने आपण निरोगी गटास मुळातच अपात्र होता. सबब आपणांस वगळण्याचा निर्णय योग्यच होता. रोगी गट भरला असल्याने तेथेही सामावून घेता येत नाही.' काका हसले, टाके दुखले, मग काकूही हसल्या आणि थोड्या रडल्या.

चाचणी आता शंभर टक्के अचूक आहे. फक्त निरोगी गटात एक जागा रिकामी आहे. पात्रता साधी: काहीही होत नसावं, आणि तपासणी 'पुढच्या महिन्यात नक्की' करायची ठरलेली असावी. अर्ज करायची तसदी घेऊ नका. वाचकहो, आपलं नाव आम्ही आधीच लिहून ठेवलं आहे.