करीमचाचांची तपासणी

आमच्या गावात पाऊल टाकणाऱ्याला पहिल्यांदा करीमचाचा गाठतात. पाहुणा असो की नवरदेव. "हं, बाही वर. पायजमा वर. कानामागं दाखवा. चला, पुढं सरका!"

चाचा जन्मभर कंडक्टर. किनवटच्या डोंगरातलं आमचं गाव म्हणजे त्यांच्या मुक्कामी गाडीचा शेवटचा थांबा. रिटायर झाले आणि इथंच उतरले. तिकिटं सुटली, तपासणी सुटली नाही.

दोष आरोग्य केंद्राचा. त्यांनी पारावर स्क्रब टायफसचं व्याख्यान ठेवलं. गवता-झुडपातला डोळ्याला न दिसणारा किडा चावतो, चावलेलं कळतही नाही, तिथं विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, मग सणकून ताप येतो, असं डॉक्टरीणबाईंनी जीव तोडून सांगितलं. सारं गाव हजर होतं, कारण शेवटी चहा-पोहे होते. ऐकलं एकट्या चाचांनी. त्याची फळं आम्ही अजून भोगतोय.

झुडपावर वाळत घातलेलं लुगडं दिसलं की चाचा ते काठीनं उचलून दोरीवर टाकणार. गवतात कुणी टेकलं की बुडाखाली पोतं सरकवणार. "फुकटची सीट हाय म्हणून बसता का? रानातून आलात, कपडे बदला, साबन लावा!" सरपंचांच्या दारातलं रान त्यांनी स्वतः कापलं. सरपंचांनी लगेच खुरपं हातात घेऊन फोटो काढला आणि स्वच्छतेवर भाषण ठोकलं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला ताप भरला. आमचं घर सुशिक्षित, मी शाळेत मास्तर. त्यामुळं आम्ही मोबाईलवर वाचून काढे पाजत बसलो. आई बरळायला लागली तेव्हा चाचा ओसरीवर आले आणि दाराकडं पाठ करून उभे राहिले.

"सूनबाई, मी हिकडंच बघून राहिलो. नाडी बांधतात तिथं कंबर बघ. काखेत बघ."

"काळं हाय, चाचा," आतून बायको ओरडली. "कंबरेला!"

चाचांनीच जीप आणली. जीपला कंडक्टरची घंटी नाही, म्हणून घाटभर ड्रायव्हरच्या शेजारी बसून तोंडानंच "डबल बेल, चल, डबल!" चालू होतं. डॉक्टरीणबाईंनी खपली बघितली, लगेच गोळ्या सुरू केल्या. आई वाचली.

हिंडायला लागल्यावर तिनं चाचांना जेवायला बोलावलं. वाढता वाढता म्हणाली, "भाऊ, समद्या गावाची पाठ बघता. तुमची कोन बघतंय?"

"आरसा हाय की."

"आरशात पाठ दिसती व्हय?"

चाची जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलगी हैदराबादला. चाचा भाकरीचा तुकडा वरणात घोळवत राहिले.

"ऊठ रे," आई मला म्हणाली. "बघ."

मी त्यांचा सदरा वर केला. पाठ स्वच्छ होती. "काही न्हाई, चाचा."

"नीट बघा, गुरुजी," ते मान खाली घालून म्हणाले. "घाई न्हाई."